‘सॉरी’मध्ये दडलेले दोन अर्थ

बसमध्ये कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला, की तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘सॉरी’. राँग नंबर लागला, सॉरी. दुकानदाराकडे सुटे पैसे नाहीत, सॉरी. इंग्रजीचा गंध नसलेली माणसेही हा शब्द सहज वापरतात. तो आता मराठीच झाला आहे म्हणा ना! पण तो घेताना आपण त्याचा निम्माच अर्थ घेतला, हे सहसा लक्षात येत नाही.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘सारिग’ असे होते. ते ‘सार’ या शब्दापासून आले. सार म्हणजे वेदना, ठणका. आजच्या इंग्रजीतला ‘सोअर’, म्हणजे दुखरा, हा त्याच घराण्यातला. दुःख या अर्थाचा ‘सॉरो’ मात्र वेगळ्या मुळाचा. शेजारी राहून दोघांचा तोंडवळा सारखा झाला, एवढेच. म्हणजे सॉरी म्हणणारा मुळात ‘मला दुखते आहे’ असे सांगत होता. माफीचा अर्थ नंतर येऊन चिकटला.

इंग्रजीत हे दोन्ही अर्थ आजही एकत्र नांदतात. कुणाच्या घरी मृत्यू झाला तर इंग्रज माणूस ‘आय ॲम सॉरी’ म्हणतो, आणि ते अगदी योग्य असते. आपल्याकडे मयताच्या घरी जाऊन सॉरी म्हटले, तर समोरचा चमकून पाहील. यांनी काय केले, असा प्रश्न त्याला पडेल. तिथे आपण ‘ऐकून फार वाईट वाटले’ असेच म्हणतो.

या दोन अर्थांमुळे एकदा दोन महासत्तांची सुटका झाली. 1 एप्रिल 2001 रोजी दक्षिण चिनी समुद्रावर अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक प्राणाला मुकला. अमेरिकी विमान हैनान बेटावर उतरले आणि त्यातले 24 जण चीनच्या ताब्यात गेले. चीनने माफीची मागणी केली. 11 एप्रिलला अमेरिकेने पत्र दिले, त्यात ‘व्हेरी सॉरी’ असे शब्द होते. आम्ही दुःख व्यक्त केले, माफी मागितलेली नाही, असे अमेरिका म्हणाली. माफी मिळाली, असे चीनने आपल्या जनतेला सांगितले. माणसे घरी परतली.

ऑस्ट्रेलियात मात्र हाच शब्द उच्चारायला वर्षे लागली. तिथल्या मूलनिवासींची मुले सरकारी यंत्रणेने अनेक दशके आईबापांपासून तोडून नेली होती. 1997 साली त्याचा अहवाल आला. 1999 मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत खेदाचा ठराव आणला; सॉरी म्हणायला मात्र ते तयार नव्हते. 28 मे 2000 रोजी सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून लाखो लोक चालत गेले, तेव्हा वर आकाशात एका विमानाने धुराने एकच शब्द लिहिला, ‘सॉरी’. अखेर 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत तो उच्चारला. तो ऐकायला आलेल्या अनेकांच्या डोळ्यांत पाणी होते. खेद आणि सॉरी यांत काय अंतर आहे, हे त्यांना कुणी शब्दकोशातून समजावून सांगायची गरज नव्हती.

आता आपल्या मराठीकडे येऊ. आपल्याकडे या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत. ‘दिलगीर’ हा फारसी शब्द. दिल म्हणजे काळीज, गीर म्हणजे धरलेले. ज्याचे काळीज दुःखाने धरले आहे, तो दिलगीर. ‘माफ’ हा अरबी मुळाचा. त्या मुळात पुसून टाकण्याचा अर्थ आहे. म्हणून तर कर्जही माफ होते. दिलगीर आहे, म्हणजे मी माझ्या मनाची स्थिती सांगितली. माफ करा, म्हणजे मी विनंती केली आणि निर्णय तुमच्या हाती सोपवला. पुसायचे की ठेवायचे, ते तुम्ही ठरवा. ‘क्षमा करा’ म्हणणाराही हेच करतो.

आपल्या पुढाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक आहे. विरोधक माफीची मागणी करतात आणि पुढारी ‘भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’ म्हणतात. त्यातला ‘असतील तर’ सर्वांत लबाड. दुखावल्याचे सिद्ध करण्याचे कामही तो दुखावलेल्यावरच टाकतो.

उलट हजला निघालेला माणूस नातेवाईक, शेजारी यांच्या दारी जाऊन ‘कहासुना माफ करना’ म्हणतो. जैन बांधव संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात. तिथे जर-तर नसते.

पायावर पाय पडला तर सॉरी पुरेसे आहे, ते जरूर म्हणावे. पण मन मोडले असेल, तर काय केले ते आपल्या तोंडाने सांगावे, ‘मी केले’ म्हणावे आणि मग माफी मागून थांबावे. पुढचे बोलणे समोरच्याचे असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)