जुनापाणीची शिळावर्तुळे

नांदेड-लातूरहून नागपूरला गेलात, तर काटोल रस्त्यावरचे जुनापाणी जरूर पाहा. माळावरची मोठ्या धोंड्यांची वर्तुळे म्हणजे लोहयुगीन माणसांची थडगी. वय सुमारे अडीच ते तीन हजार वर्षे. मृताचे अवशेष ठेवून वर माती-गोट्यांचा ढीग रचत आणि कडेने धोंडे मांडत. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी इथे उत्खनन केले. लोखंडी खंजीर, सपाट कुऱ्हाडी, काळी-तांबडी भांडी अशा वस्तू इथे मिळाल्या. जवळच्या माहुरझरीत तांब्याच्या साजासह पुरलेला घोडाही सापडला. आयर्लंडमधले न्यूग्रेंजचे प्रसिद्ध थडगे जुनापाणीच्या वर्तुळांहून दोन हजारांपेक्षा अधिक वर्षे जुने; मात्र ते उभारणाऱ्यांच्या हाती दगडाचीच हत्यारे होती.