काचीगुड्याची मीटरगेज मिजास

हैदराबादेत आबिड्सच्या जनरल पोस्ट ऑफिसजवळून रिक्षा केली, की कोठी, सुलतान बाजार अशी गर्दी कापत ती काचीगुड्याला येते. नामपल्ली स्टेशन आबिड्सला खेटूनच आहे. पण गाडी पकडायची नसतानाही बघायला जावं असं स्टेशन काचीगुड्याचंच. मधोमध मोठा घुमट, दोन्ही अंगांना धाकटे घुमट आणि मिनार. नवख्या माणसाला हा एखाद्या नवाबाचा महाल वाटावा. अलीकडे संध्याकाळी दर्शनी भागावर रंगीत दिवे सोडतात आणि बॅगा पायाशी ठेवून मंडळी फोटो काढत बसतात.

मिजास महालाची असली, तरी हाडं कारखानदारी जमान्याची आहेत. 1916 साली, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात उभी राहिलेली ही इमारत व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाची. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या कामावर देखरेख करून तो हैदराबादेत आला होता. इथं त्यानं आधीच साच्यात ओतलेले सळईदार काँक्रीटचे भाग वापरले. वरून मुघली, आतून सिमेंट.

रुळांमागेही खर्चाचा हिशेब होता. 1874 साली वाडीहून सिकंदराबादेत आलेली लाइन ब्रॉडगेज. गोदावरी खोऱ्यातून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी सुमारे 391 मैलांची लाइन मात्र 1900 च्या आसपास मीटरगेजवर टाकली. अरुंद रूळ म्हणजे कमी खर्च. त्याची किंमत मनमाडला मोजावी लागे: मुंबईला जाणाऱ्या कापसाच्या गाठी छोट्या डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत चढवायच्या. काचीगुडा हे या मीटरगेजचं हैदराबादेतलं मोठं ठाणं.

म्हणूनच मराठवाड्याच्या जुन्या माणसाला हे नाव पाठ. मराठवाडा हैदराबाद राज्यात असल्यानं 1956 पर्यंत त्याचं हायकोर्ट हैदराबादेत, विद्यापीठ हैदराबादेत, मोठा दवाखानाही हैदराबादेतच. गंमत अशी की मुसी नदीकाठचं हायकोर्ट, उस्मानिया दवाखाना आणि सिटी हायस्कूल या इमारतींमागेही एशचाच हात. पुढं सिटी कॉलेज झालेल्या त्या शाळेच्या इमारतीत मराठवाड्याचे विचारवंत नरहर कुरुंदकर शिकले. परभणीचा पक्षकार एशच्या स्टेशनात उतरायचा आणि एशच्याच कोर्टाची पायरी चढायचा. सरकार म्हणजे काय, हे त्याला या घुमटांवरूनच कळे.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबादेतली सरकारी कामं सुटली. गाड्या मात्र सुटतच राहिल्या. काचीगुडा-मनमाड अजिंठा एक्स्प्रेसचा तर 1967 च्या सुमारास देशातल्या वाफेवरच्या मीटरगेज गाड्यांत सर्वांत वेगवान म्हणून लौकिक होता. सरासरी वेग ताशी 42.5 किलोमीटर! आज त्यावर हसू येईल. पण दर काही मैलांवर थांबणाऱ्या पॅसेंजरमध्ये रात्र काढलेल्याला विचारा. पुढं टप्प्याटप्प्यानं ही लाइन ब्रॉडगेज झाली आणि मनमाडची चढ-उतार संपली.

इमारत टिकली, ती राबती राहिली म्हणून. पण डागडुजी थांबली की काय होतं, ते फार लांब जाऊन बघायला नको. एशच्याच उस्मानिया दवाखान्याच्या जुन्या इमारतीत 2020 च्या जुलैत पावसाचं पाणी शिरलं, रुग्ण हलवले आणि दारांना कुलूप लागलं. काचीगुड्यात तर काँक्रीट, आणि काँक्रीटचं दुखणं आतून येतं: ओल झिरपते, सळई गंजून फुगते, मग वरचा थर सुटतो. रंगीत उजेडात ते दिसत नाही, दुपारच्या उन्हात दिसतं.

तेव्हा काचीगुडा बघायचं तर दुपारी जावं. बाहेरून घुमट न्याहाळावेत, छज्ज्याखालच्या कडा निरखाव्यात आणि मग नांदेडकडची गाडी लागायच्या सुमारास आत शिरावं. तिथं 'जरा सरका की हो' आणि 'हल्लू चलो मियां' एकाच दमात कानावर पडेल. वारसा म्हणून दिव्यांवर खर्च होतो, तो होवो. पण छत गळत असेल तर ते आधी दुरुस्त व्हावं, कारण त्याखाली रोज गाडीची वाट बघणाऱ्यांनीच ही इमारत शंभर वर्षं जिवंत ठेवली आहे.