नकलेचा हक्क

धाराशिव जिल्ह्यातील कष्टकऱ्याचा आणि त्याला कामावर लावून देणाऱ्या मध्यस्थाचा गेल्या शतकभरातला झगडा मजुरीच्या दरावरून होता, हे तर उघडच आहे. परंतु त्या झगड्याच्या मुळाशी जावे, तर कागद कोणाच्या दप्तरात राहणार, हाच त्यातला खरा तंटा असल्याचे ध्यानात येते. हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, कर्जापोटी सावकाराच्या घरी राबणाऱ्या भगेल्यांच्या करारांना आळा घालण्यासाठी हैदराबाद संस्थानाने १९३६ मध्ये एक नियमन केले; पण ज्याला वही वाचता येत नव्हती आणि त्या वहीची नक्कलही ज्याच्या हाती नव्हती, त्याला त्या नियमनाचा आधार तो कितीसा मिळणार?

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, सावकाराची वही मागे पडली आणि तिची जागा मुकादमाच्या डायरीने घेतली. भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांतून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जाणारे ऊसतोड जोडपे, ज्याला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, ते हंगामाआधी उचल घेते. तिची फेड किती झाली याची नोंद मुकादमाकडे असते, आणि हंगाम सरल्यावर ‘अजून फिरते’, म्हणजे उचल अजून फिटलेली नाही, एवढे दोन शब्द ऐकून पुढल्या वर्षीचा कोयता आधीच बांधला जातो.

हा अनुभव कायदेमंडळास ठाऊक नव्हता असे नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने ठेकेदारावर हजेरीपट, वेतनाची नोंदवही आणि कामगाराचे रोजगारपत्र यांचे बंधन घातले, आणि ठेकेदाराने वेतन बुडविल्यास ते चुकते करण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीच्या अधिनियमाने तर छायाचित्र लावलेले, मजुरीचा दर लिहिलेले पासबुक खुद्द कामगाराजवळच राहावे असे फर्मावले. त्यातली विसंगती अशी होती की, कोयता सीमा ओलांडून कर्नाटकात गेला तर कागदोपत्री तो पासबुकाचा धनी, आणि राज्यातच राहिला तर नाही!

पुढे कचेऱ्यांतही मध्यस्थ आला. संगणकचालक, सुरक्षारक्षक, सफाई कामगार ही पदे बाह्यस्रोताने भरली जाऊ लागली. नऊ एजन्सींमार्फत अशी भरती करण्याचा ६ सप्टेंबर २०२३ चा शासननिर्णय तरुणांच्या रोषामुळे ऑक्टोबरातच मागे घ्यावा लागला. एजन्सीची पद्धत मात्र त्याच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. आधार, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका यांच्या झेरॉक्स आणि क्वचित कोऱ्या कागदावर सही, एवढे सारे नोंदणीच्या नावाखाली एजन्सीकडे जमा करावयाचे, आणि आपल्या नावावर बिल किती निघते, हजेरी किती दिवसांची लागते, भविष्यनिर्वाह निधीची कपात भरली जाते की नाही, यांपैकी काहीही विचारावयाचे नाही, असा तिथला अलिखित शिरस्ता.

या शिरस्त्यास पहिला तडा माहितीच्या अधिकाराने दिला. १२ ऑक्टोबर २००५ पासून, दहा रुपये भरून, मूळ कार्यालयाकडे ठेकेदाराने सादर केलेली देयके, हजेरीपत्रके आणि निधीची चलने मागता येऊ लागली, आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयास बंधनकारक झाले. दुसरा तडा २०१४ मध्ये, भविष्यनिर्वाह निधीचा कायमस्वरूपी क्रमांक सुरू झाल्याने पडला. कारण तोवर ठेकेदाराच्या सांगण्यावर विसंबणारा कामगार आपल्या खात्यात काय जमा झाले, हे आता मोबाईलवर स्वतः पाहू लागला.

देयके आणि निधी पाहता आले, तरी एजन्सीकडे दिलेल्या झेरॉक्सवरील हक्काचा प्रश्न उरलाच होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम आला. आपली कोणती माहिती धारकाकडे आहे, तिचे काय केले, ती कोणास दिली, हे विचारण्याचा, ती दुरुस्त वा नष्ट करून घेण्याचा आणि दिलेली संमती काढून घेण्याचा हक्क त्याने दिला. संमती मागणारी सूचना मराठीतूनही मिळण्याची सोय केली. तथापि, माहिती विचारण्याचा व पुसून घेण्याचा हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरताच आहे; नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा त्याच अधिनियमात असल्याने, अप्रामाणिक एजन्सी तिच्याआड दडणार नाही असे कोण म्हणेल?

नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाचे नियम निघाले. पण हक्कांची कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावयाची आहेत, आणि माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंद करणारे कलम मात्र तत्काळ लागू झाले. परिणामी, सहकाऱ्यांची नावे असलेले हजेरीपत्रक नाकारणे कार्यालयास आता अधिक सोपे झाले आहे. त्याच महिन्याच्या २१ तारखेस श्रमसंहिता अमलात येऊन प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देणे सक्तीचे झाले, ही त्यातली जमेची बाजू.

म्हणून आज एजन्सीच्या दारात उभ्या असलेल्या मुलाने मे २०२७ ची वाट पाहू नये. झेरॉक्सवर प्रयोजन व तारीख लिहून सही करावी, दिलेल्या कागदांची यादी करून तिच्यावर पोच घ्यावी, कोऱ्या कागदावर सही करू नये आणि दरमहा निधीचे खाते पाहावे. मुकादमाच्या डायरीपुढे त्याच्या आजोबांना हे साधले नाही, कारण हिशेबाची दुसरी प्रत त्यांच्या कोपरीच्या खिशात कधी नव्हतीच.