रेडिएटर तापतो, खोली का तापत नाही?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे हिवाळ्यात राहायला गेलेल्या आई-वडिलांची एक तक्रार ठरलेली असते. रेडिएटरला हात लावला तर चटका बसतो, पण खोली गार ती गारच. पाहुण्यांच्या वाट्याला बहुधा कोपऱ्यातली, दोन बाजूंनी बाहेरच्या भिंती असलेली खोली येते. मग स्वेटरवर स्वेटर चढतात, आणि गोळी चालू असूनही रक्तदाबाचा आकडा वर सरकू लागतो.

याचे कारण साधे आहे. थंडीत शरीर आतली ऊब राखण्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आवळते. त्यामुळे रक्तदाब वाढतो, रक्तही थोडे दाट होते. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतात, त्यामागे हे एक कारण आहे. थंड प्रदेशांत घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले. वृद्ध, लहान मुले आणि आजारी माणसांना त्याहून थोडे अधिक लागते. मात्र तान्ह्या बाळाची खोली १६ ते २० अंशांवर ठेवावी, फार तापवू नये.

आपल्याकडे एसी घेताना ‘दहा बाय बाराला एक टन’ असा हिशेब करतात. रेडिएटरही तसाच, खोलीचे क्षेत्रफळ पाहून घेतला जातो आणि तिथेच फसगत होते. खरा प्रश्न खोली केवढी आहे हा नसून तिच्यातून उष्णता किती निसटते हा आहे. समजा, ४ बाय ३ मीटरची, २.४ मीटर उंचीची कोपऱ्यातली खोली आहे, वर-खाली उबदार खोल्या आहेत. बाहेर उणे ३ आणि आत २१ अंश हवेत. जुन्या, भरीव विटांच्या भिंती आणि एकेरी काचेची खिडकी असेल, तर सुमारे १२०० वॅट उष्णता सतत पुरवावी लागते. तीच खोली, पण भिंतीच्या पोकळीत उष्णतारोधक भरलेले आणि काच दुहेरी, तर साधारण ५४० वॅट पुरतात. दुकानात आकडा बीटीयूमध्ये लिहिलेला असेल तर १ वॅट म्हणजे ताशी ३.४१ बीटीयू.

दुसरी फसगत लेबलवरची. रेडिएटरची छापील क्षमता त्यातले पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंशांनी गरम आहे असे धरून मोजलेली असते. हीट पंप बसवलेल्या घरात हा फरक ३० अंशांच्या आसपास असतो. तेव्हा १२०० वॅटचा रेडिएटर जेमतेम ६०० वॅट देतो. भिंतीवर लांब रेडिएटरला जागा नसेल तर दोन पत्र्यांचा, दोन्हींमागे पंख असलेला ‘टाइप २२’ घ्यावा. तो तेवढ्याच लांबीच्या एकेरी ‘टाइप ११’च्या साधारण पावणेदोन पट उष्णता देतो. थोडा मोठा घेतला तरी बिघडत नाही, तापमानानुसार बंद-चालू होणारा व्हॉल्व्ह त्याला आवरतो. लहान घेतला तर मात्र कडाक्याच्या रात्री करण्यासारखे काही उरत नाही.

नवा घेण्याआधी जुन्याची अवस्था पाहावी. वरचा भाग गार असेल तर आत हवा अडकली आहे, ती छोट्या किल्लीने सोडता येते. खालचा गार असेल तर गाळ साचला आहे. समोर सोफा किंवा वरून लोंबणारा जाड पडदा असला तरी उष्णता अडते. त्यावर ओले कपडे वाळत घालण्याची सवय तर दुहेरी नुकसान करते. ऊब अडते आणि कपड्यांतली वाफ गार भिंतीवर जमून काळी बुरशी धरते. दम्याच्या रुग्णाला ही बुरशी थंडीइतकीच छळते. यावर उपाय म्हणून धुराडे नसलेला गॅसचा हीटर कुणी आणून ठेवला, तर वाफ आणखी वाढते आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका घरात येतो.

आई-वडील पोहोचण्याआधी त्यांच्या खोलीत एक साधा थर्मामीटर खिडकीपासून दूर, पलंगाच्या उंचीवर ठेवावा आणि पहाटे पाच वाजता त्यावरचा आकडा वाचावा.