'भाऊबंदकी' नाटक वाचताना

सांगितलेल्या गोष्टीत कोणी लबाडीने फेरफार केला, की आपण सहज म्हणतो, "ह्याने ध चा मा केला!" हे शब्द आपल्या तोंडी इतके रुळले आहेत की, त्यांच्यामागे अठरा वर्षांच्या एका तरुणाचा खून आहे, हे बोलताना आपल्या ध्यानातही येत नाही. त्या खुनाभोवती रचलेले मराठीतील प्रसिद्ध नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'भाऊबंदकी'. महाराष्ट्र नाटक मंडळीने ते 1909 साली रंगभूमीवर आणले. त्या वेळी लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि त्यांचे सहकारी खाडिलकर हे 'केसरी'चे काम पाहत होते. घरातल्या कलहात राज्य कसे बुडते, ही गोष्ट त्यांना नुसती करमणूक म्हणून सांगावयाची नव्हती, हे उघड आहे.

प्रथम इतिहास पाहू. थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे वारले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, ह्यांना पेशवेपद आपणास मिळावे असे फार दिवसांपासून वाटत होते. माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले होते; पुढे नारायणरावांनीही तेच केले. एकाच वाड्यात पुतण्या राज्य करीत आहे आणि चुलता पहाऱ्यात दिवस मोजीत आहे! असंतुष्ट माणसांना एकत्र जमण्यास ह्याहून सोयीची जागा कोणती?

वाड्याच्या रक्षणाला गारदी नावाचे पगारी शिपाई असत. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग हे त्यांचे पुढारी. त्यांना पैशाचे आमिष दाखविण्यात आले. दिनांक 30 ऑगस्ट 1773, गणेशोत्सवाचे दिवस. गारद्यांची चलबिचल सकाळीच पेशव्यांच्या कानी आली होती. त्यांनी ती आपल्या सरदाराला कळविलीही होती. परंतु बंदोबस्त झाला नाही. दुपारी गारदी तरवारी उपसून वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्याच्या दालनात गेले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. तुळाजी पवार नावाच्या सेवकाने त्यांना ओढून काढले. चापाजी टिळेकर हा इमानी नोकर धन्याच्या अंगावर आडवा पडला. त्याच्यासह गारद्यांनी पेशव्यांना ठार केले. ह्या चापाजीचे नाव फारसे कोणी घेत नाही. मला मात्र ही हकीकत वाचताना सर्वांत आधी तोच आठवतो.

आता 'ध'ची गोष्ट. गारद्यांना जो कागद दिला त्यात नारायणरावांना "धरावे" असे लिहिले होते आणि राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांनी 'ध' खोडून तेथे 'मा' केला, असे परंपरेने सांगतात. गोष्ट चटकदार आहे, म्हणून ती टिकली. पण ती दंतकथेसारखी सावधपणेच घ्यावयास हवी. शिवाय थोडा विचार करून पाहा. हत्यारबंद शिपायांना पैसे देऊन राज्याच्या धन्यावर सोडावयाचे आणि मागाहून म्हणावयाचे, "मी तर फक्त धरा म्हटले होते!" हे म्हणणे किती खरे मानावे? सगळा दोष एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर टाकला, की बाकीचे सारे मोकळे होतात. आनंदीबाईंचा दोष नाही असे मी म्हणत नाही. पण दोषाची वाटणी इतकी सोपी नसते.

नाटक वाचताना हाच प्रश्न हाताशी ठेवावा. कथेत लेखक मध्येच येऊन पात्राच्या मनातले सांगू शकतो. नाटकात ती सोय नाही. तेथे प्रत्येक पात्र आपापल्या सोयीचे बोलते आणि खरे काय ते आपणच ताडावयाचे असते. म्हणून प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी थांबून स्वतःला विचारावे : कट कोणाला ठाऊक आहे? कोणाला नुसता संशय आहे? आणि ठाऊक असूनही गप्प कोण आहे? हे तिसरे लोक फार महत्त्वाचे असतात.

दुःखात शेवट होणाऱ्या अशा नाटकाला शोकान्तिका म्हणतात. पण नुसत्या मृत्यूने शोकान्तिका होत नाही. मोठ्या योग्यतेचा माणूस आपल्याच स्वभावातील दोषामुळे कोसळतो, तेव्हा ती होते. मग 'भाऊबंदकी'त शोकान्तिका कोणाची? मारला गेला नारायणराव. परंतु कोसळला तो राघोबा. 1758 साली मराठी फौजा लाहोर घेऊन अटकेपर्यंत गेल्या, त्यांचा सेनापती हाच! रणांगणावर शूर, पण घरात चंचल. लोभ सुटत नाही आणि लोभाची जबाबदारीही घ्यावयाची नाही. इंग्रज नाटककार शेक्सपिअर ह्याच्या 'जूलियस सीझर' नाटकातही असेच आहे. रोमचा सत्ताधीश सीझर ह्याला त्याच्या मित्रांनी इसवी सनापूर्वी 44 मध्ये 15 मार्च रोजी भर सभेत भोसकले. त्यालाही आधी इशारा मिळाला होता. नाटकात सीझर मध्यावरच मरतो आणि पुढचे सारे नाटक कटवाल्यांच्या अधोगतीचे होते. आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा पाहताना मात्र त्याच नाटककाराच्या 'मॅकबेथ'मधील राणी आठवते.

'भाऊबंदकी'तही खुनानंतरच खरा सामना होतो. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे चौकशी करतात आणि सत्ता हाती घेतलेल्या राघोबांना त्यांच्यासमोरच सांगतात की, ह्या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे. इतिहासातही असेच घडले. रामशास्त्र्यांनी पद सोडले आणि ते पुणे सोडून वाईजवळच्या एका गावी जाऊन राहिले. हा प्रवेश वर्गात मोठ्याने वाचावा. एकीकडे तरवार आणि फौज, दुसरीकडे शब्द. वाचताना रामशास्त्र्यांच्या मुलाने ओरडू नये, अशी माझी सूचना आहे. ज्याला खरे बोलावयाचे आहे, त्याला आवाज चढविण्याची गरज नसते. ओरडण्याची पाळी राघोबाची आहे.

तुम्ही पिंपरी, चिंचवड, भोसरी किंवा चाकण येथे राहत असाल. तुमच्या घरची मंडळी कारखान्यांच्या कामासाठी दूरच्या गावाहून येथे आली असतील आणि ही पेशव्यांची गोष्ट तुम्हांला परक्या शहराची वाटेल. तर चिंचवडला लोणावळ्याच्या लोकलगाडीत बसा. देहूरोड जाते, तळेगाव येते, मग वडगाव. त्या कटाचा पुढला अंक येथे घडला आहे.

नाना फडणीस, सखारामबापू इत्यादी कारभाऱ्यांनी एकजूट करून राघोबांविरुद्ध उभे राहण्याचे ठरविले, हेच बारभाई. 18 एप्रिल 1774 रोजी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर पुत्र झाला आणि तोच सवाई माधवराव पेशवा ठरला. राघोबा इंग्रजांना जाऊन मिळाले; 1775 साली सुरतेला तह झाला. 1778 च्या अखेरीस इंग्रज फौज राघोबांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढली. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ त्यांचा शूर कप्तान स्ट्युअर्ट पडला. मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' हे नाव दिले होते. शत्रूच्या शौर्याचे कौतुक करणारे असे नाव सहसा मिळत नाही. फौज तळेगावापर्यंत आली. पुणे अवघ्या दहा कोसांवर, आणि वाटेत चिंचवड! पण चोहोकडून मराठ्यांचा वेढा पडत चालला, धान्य मिळेना. 11 जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून दिल्या, सामान जाळले आणि ते मागे फिरले. मराठ्यांनी त्यांना वडगावला गाठले आणि काही दिवसांतच त्यांना तेथे करार करावा लागला. राघोबांनी स्वतःला महादजी शिंद्यांच्या स्वाधीन केले.

पुढे ते पुन्हा निसटून इंग्रजांकडे गेले. 1782 च्या सालबाईच्या तहाने मात्र इंग्रजांनीही त्यांचा पक्ष सोडला आणि दुसऱ्याच वर्षी ते वारले. ज्या गादीसाठी हे सारे केले, ती पुढे त्यांच्या मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला मिळाली, आणि 1818 साली त्याच्याच हातून ती गेली.

इष्टुर फाकड्याची समाधी वडगावात आहे. स्टेशनवर उतरून कोणालाही विचारा.