अवजारघर आणि रोपघर : एकाच छपराखाली

घरामागे थोडी मोकळी जागा असली की बागकाम करणाऱ्यापुढे दोन गरजा उभ्या राहतात. कुदळ, फावडे, घमेले, झारी ठेवण्यास कोरडी जागा हवी असते आणि कोवळ्या रोपांना आसरा हवा असतो. या दोन्ही गरजा एकाच बांधणीत भागविल्या तर एक भिंत वाचते, जागा वाचते आणि खर्चही कमी होतो. थंड हवेच्या देशांत अशी जोडबांधणी बरीच रूढ आहे. तिचा एक भाग लाकडी खोलीचा व दुसरा काचेचा असतो. मात्र ती जशीच्या तशी आपल्याकडे उभारली तर रोपे वाचण्याऐवजी दगावण्याचाच संभव अधिक. याचे कारण भिलाईच्या उदाहरणावरून चांगले ध्यानात येते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत करारानुसार भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. जे रशियन तंत्रज्ञ येथे आले, त्यांच्या भाषेत हरितगृहाला ‘तेप्लित्सा’ म्हणतात. ‘तेप्लो’ म्हणजे ऊब. तेव्हा तेप्लित्सा म्हणजे ऊबघर. भिलाईत मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि हिवाळ्यातील रात्रीही तो सहसा १० अंशांच्या फारसा खाली जात नाही. अशा ठिकाणी रोपांना ऊब पुरविण्याचा प्रश्न क्वचितच उद्भवतो. खरा प्रश्न असतो तो उष्णतेपासून त्यांचे रक्षण करण्याचा.

काचघर तापते कसे, हे येथे पाहिले पाहिजे. ऊन काचेतून आत शिरते, माती व पाने तापतात आणि त्यांच्या सान्निध्यातील हवाही तापते. उघड्यावर ही हवा वर निघून गेली असती. काचघरात ती कोंडली जाते. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच होती, तर दुसरीवर उष्णतेच्या किरणांना न अडविणारा सैंधवाचा पारदर्शक तक्ता. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. तात्पर्य, काचघर तापते ते मुख्यत्वे हवा कोंडल्यामुळे. म्हणून आपल्याकडील रोपघराची पहिली अट म्हणजे हवेला मोकळी वाट. काच किंवा प्लॅस्टिकने बंद केलेल्या बांधणीऐवजी चारही अंगांनी जाळीची बांधणी निवडावी आणि छपराच्या कण्याजवळ गरम हवा बाहेर पडण्यास फट ठेवावी. निम्मे ऊन अडविणारी शेडनेटची जाळी बहुतेक भाज्यांच्या रोपांना पुरते.

यानंतर दिशेचा विचार. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. म्हणून तेथे खोली उत्तरेला व काच दक्षिणेला ठेवतात. भिलाई सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरमध्येही दुपारचा सूर्य ४५ अंश वर असतो आणि मेच्या अखेरीस तो थेट डोक्यावर येतो. तेव्हा उन्हाळ्यातील दुपार छपराने अडवावी लागते आणि तिसऱ्या प्रहराचे तिरपे ऊन पश्चिमेच्या भिंतीने. अवजारांची खोली पश्चिमेस ठेवल्यास ही भिंत आपोआप मिळते. तीच उन्हाळ्यातील झळा व पावसाळी वाऱ्याचा मारा यांनाही आडोसा होते. रोपे पूर्वेच्या बाजूस राहून सकाळचे सौम्य ऊन घेतात.

येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. टोमॅटो, फूलकोबी यांची हिवाळी रोपे याच सुमारास तयार करावयाची असतात आणि जाळीतून पाणी गळते. त्यासाठी जाळीवर चार महिने पारदर्शक प्लॅस्टिकचे छप्पर ताणावे. बाजू मात्र उघड्याच ठेवाव्यात. मे महिन्यात ओल्या वाळ्याचे ताटे लावल्यास आतील हवा गार होते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने त्याचा उपयोग नसतो.

दोन्ही भागांमधील भिंतीबाबत हयगय करू नये. रोपघराची ओल अवजारांना गंज चढविते आणि युरियाचे ढेकूळ करते. म्हणून ही भिंत सलग असावी व दोन्हींची दारे वेगळी असावीत. बियाणे यांपैकी कोठेही ठेवू नये. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत त्याची उगवणशक्ती लवकर घटते. ते घरात, हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवावे.

कीटकनाशकांचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेही उघड्या शेतात काम करणारे होते. बंदिस्त जागेत वाफ साचते आणि घरामागच्या खोलीत मुलांचाही वावर असतो. औषधाच्या डब्यावरील चौकोनाचा खालचा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. लाल व पिवळ्या खुणेची औषधे घरगुती बागेसाठी आणूच नयेत. इतर औषधे मूळ डब्यातच, कुलूपबंद कपाटात ठेवावीत.

बागेची जागा कारखान्याच्या क्वार्टरची असल्यास बांधकामापूर्वी परवानगी घ्यावी. नट-बोल्टने जोडलेला जस्तलेपित नळ्यांचा सांगाडा घेतल्यास घर सोडताना तो उतरवून नेता येतो. विक्रेत्याकडे गेल्यावर काचेची चकाकी पाहण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : गरम हवा कोठून बाहेर पडेल, पश्चिमेस काय असेल, पावसाचे पाणी कोठे जाईल आणि मधली भिंत सलग आहे काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर साधी, स्वस्त बांधणीही रोपे जगविण्यास पुरेशी ठरते.