नेत्याची चौकशी : परवानगी द्यायची कुणी?

मंडळी, कुरवंड्याच्या या व्याख्यानात आज आपण घेतोय तो प्रश्न दिसायला साधा आहे. सत्तेच्या शिखरावर बसलेल्या माणसावरच आरोप झाला, तर त्याची चौकशी कोण करणार? पोलीस त्याच्या हाताखाली, सरकारी वकील त्याच्या सरकारचा, अधिकाऱ्यांच्या बदल्या त्याच्या सहीने. कुंपणच शेत खातंय असं वाटलं, तर दाद कुणाकडे मागायची? याचं उत्तर आपण महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून पायरीपायरीने शोधू.

बॅरिस्टर अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. कलावंतांना, साहित्यिकांना मदत व्हावी म्हणून 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' हा न्यास निघाला. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. बांधकाम करायचं तर सरकारकडून कोटा मिळवावा लागे. हा कोटा आणि मुख्यमंत्र्यांच्या न्यासांना मिळणाऱ्या देणग्या यांचं साटंलोटं आहे, असा आरोप ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मधून केला. ही पहिली पायरी : आरोप चव्हाट्यावर येणं.

दुसरी पायरी न्यायालयाची. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला, की सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा संबंध होता. अंतुल्यांनी राजीनामा दिला. इथे एक भेद नीट लक्षात घेऊ. कारभार कायद्याला धरून झाला का, हा एक प्रश्न. व्यक्तीने गुन्हा केला का, हा वेगळा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही. राजीनामा म्हणजे शिक्षा नव्हे.

आता खरी मेख. भाजपचे रामदास नायक यांना मुख्यमंत्र्यांवर फौजदारी खटला भरायचा होता. पण लोकसेवकावर भ्रष्टाचाराचा खटला चालवायला आधी मंजुरी लागते. ही तरतूद वाईट नाही बरं का. प्रामाणिक माणसाला कुणीही उठून कोर्टात खेचू नये म्हणून ती आहे. मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत ही मंजुरी राज्यपाल देणार. आणि राज्यपाल एरवी कुणाच्या सल्ल्याने वागतात? मंत्रिमंडळाच्या. मंत्रिमंडळाचा प्रमुख कोण? मुख्यमंत्री! म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्याच्याच सल्ल्याने त्याच्यावरचा खटला मंजूर व्हायचा. स्वतःच्या भांडणात स्वतः पंच होऊ नये, हे आपल्या गावकीतही कळतं. नैसर्गिक न्यायाचं हेच पहिलं तत्त्व. जुलै १९८२ मध्ये हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात निघाला आणि ठरलं, की अशा वेळी राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावा. त्याच महिन्यात काही आरोपांपुरती मंजुरी मिळालीही.

पुढे काय झालं? विशेष न्यायाधीशांनी सांगितलं, अंतुले आमदार आहेत, त्यासाठी वेगळी मंजुरी हवी. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खोडलं आणि खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी म्हटलं, की खटला असा सोपवण्यातच आमची चूक झाली. कायद्याने हा खटला विशेष न्यायाधीशासमोरच चालायला हवा होता. कुणी म्हणेल, हे तर आरोपीचे लाड! पण आपण विचार करू : मोठ्या माणसासाठी कायदा सैल करायचा नाही, तसाच त्याच्याविरुद्ध वाकवायचाही नाही. दोन्हींची किंमत शेवटी सामान्य आरोपीच मोजतो. मात्र या साऱ्यात दशक उलटलं. १९९५ मध्ये अंतुले केंद्रात मंत्रीही झाले. उशीर हा कुणाचाच न्याय नसतो. आरोप खोटा असेल तर आरोपीचाही नाही.

नाण्याची दुसरी बाजूही पाहू. १९७७ मध्ये जनता सरकारने इंदिरा गांधींच्या कारभाराच्या चौकशीसाठी शहा आयोग नेमला. आणीबाणीत जे घडलं, त्याची चौकशी आवश्यकच होती. पण ऑक्टोबरमध्ये घाईने अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिलं. डिसेंबर १९७८ मध्ये लोकसभेने त्यांचं सदस्यत्व काढून त्यांना तुरुंगात पाठवलं. लोकांच्या नजरेत चौकशीचा सूड झाला, आरोपी बिचारी ठरली. १९८० मध्ये त्या पुन्हा पंतप्रधान! आयोगाने गोळा केलेला पुरावा मात्र धूळ खात पडला.

याच्या उलट टोकाचा प्रयत्नही झाला होता. ऑगस्ट १९७५ मध्ये राज्यसभेने एक घटनादुरुस्ती विधेयक मंजूर केलं : पंतप्रधानांवर आयुष्यभर फौजदारी कारवाईच करता येऊ नये. ते लोकसभेत आलंच नाही, हे आपलं नशीब.

तर अशा पेचप्रसंगात आपण नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. परवानगी देणारा आरोपीपासून स्वतंत्र आहे का? चौकशी करणाऱ्याचा हेतू सत्य शोधण्याचा आहे, की हिशोब चुकते करण्याचा? आणि निकाल लागेल तेव्हा त्याला काही अर्थ उरलेला असेल का? २०१८ पासून तर अनेक प्रकरणांत खटल्याच्याही आधी, नुसत्या तपासालाच पूर्वमंजुरी लागते. म्हणजे पहिला प्रश्न आज अधिकच महत्त्वाचा झालाय.

आणि हो, हे तिन्ही प्रश्न आपल्या नावडत्या नेत्याबद्दल विचारणं सोपं असतं. आवडत्या नेत्याबद्दल तितक्याच शांतपणे विचारता आले, तरच आपण न्यायाच्या बाजूने आहोत असं म्हणता येईल. इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.